मदत हवी आहे: कमी पाऊस आणि कडक ऊन एकाच हंगामात – कॉप्युला कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतेय. घर सांगोला तालुक्यात, डाळिंबाची बाग आहे. प्रकल्पाचा विषय त्या बागेतूनच आला. एका वर्षी बाबांनी मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेलं पीक) धरला आणि पावसानं दडी मारली. ऑगस्टमध्ये बोअर नुसती हवा फेकत होतं आणि फळांच्या पश्चिमेच्या अंगाला उन्हाचे तपकिरी चट्टे पडले होते. नुसता पाऊस कमी असता तर टँकरवर निभावलं असतं, नुसतं ऊन असतं तर फळं झाकली असती. दोन्ही एकदम आल्यावर बाग हातची गेली. म्हणून मला दोन्ही एकत्र येण्याची शक्यता काढायची आहे. त्यासाठी कॉप्युला वापरतेय, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींवर कशा अवलंबून आहेत ते सांगणारं सूत्र.

डेटा हवामान खात्याचा, ग्रिडचा: पाऊस १९०१ पासून पाव अंशाच्या चौकटीत, तापमान १९५१ पासून एक अंशाच्या चौकटीत. आधी मी वर्षाचं सर्वोच्च तापमान घेतलं होतं. पण ते आपल्याकडे बहुधा एप्रिल-मे मध्येच येतं, त्याचा पावसाळ्यातल्या तुटीशी थेट संबंध नाही. आता जून ते सप्टेंबरची कमाल तापमानाची सरासरी घेतेय. ढग नाहीत, जमिनीत ओल नाही, म्हणजे उन्हाची ऊर्जा पाण्याची वाफ करण्याऐवजी हवाच तापवते. त्यामुळे दोन्ही गोष्टी स्वतंत्र मानून शक्यतांचा गुणाकार करणं मला पटत नाही.

पावसाचं चिन्ह उलटं केलंय, म्हणजे दुष्काळ आणि उष्णता दोन्ही वरच्या टोकाला येतात. अडलंय ते पुढे. समजा दोन्ही घटना प्रत्येकी ५० वर्षांतून एकदा येणाऱ्या आहेत आणि केंडॉलचा टाऊ (दोन्हींचा संबंध किती घट्ट, ते सांगणारा आकडा) ०.४ आहे. दोन्ही एकत्र येण्याचं उत्तर गुणाकारानं २५०० वर्षांतून एकदा, गॉसियन प्रकारच्या कॉप्युलानं साधारण २२५ वर्षांतून एकदा, गम्बेल प्रकारच्या कॉप्युलानं जवळपास १०० वर्षांतून एकदा. टाऊ तोच, तरी एवढा फरक! गॉसियनमध्ये टोकाकडे जाता जाता परस्परावलंबन विरत जातं, गम्बेलमध्ये टिकतं, हे कळतं. पण माझ्याकडे सत्तरेक वर्षं आहेत आणि टोकाला मोजकेच बिंदू. मधल्या गर्दीवर दोन्ही सारखेच बसतात, एआयसीवरून (कोणतं मॉडेल डेटाला जास्त योग्य, ते ठरवायचा निकष) निवड होत नाही.

अशा वेळी तुम्ही काय करता? शेजारच्या चौकटी एकत्र घेतल्या तर बिंदू वाढतील, पण एकच दुष्काळ दहा वेळा मोजला जाईल, नाही का? आणि तापमानातला वाढता कल आधी काढून टाकू की सीमांत वितरणातच (एकट्या तापमानाच्या वितरणात) काळ घालू? कल काढला तर उत्तर कुठल्या काळातल्या सांगोल्याचं, हे मला बाबांना सांगता आलं पाहिजे. पुढच्या जूनमध्ये बहार धरायचा की नाही, ते त्यावर ठरवणार आहेत.

आर (R) या संगणकभाषेत काम करते. कोड हवा असेल तर टाकते.