सुट्टीतला शेवटचा आठवडा: कोणतं पुस्तक आणि कुंड्यांत काय? (एकूण ६०० रुपये)

सुरंगीचा वळेसर
नमस्कार. मी गोव्यात सत्तरी तालुक्यात एकशिक्षकी मराठी प्राथमिक शाळेवर आहे. शाळा उघडण्याआधीचा एक अख्खा आठवडा यंदा माझा आहे. मुलगी आजोळी, नवऱ्याची रात्रपाळी. सकाळी उजाडल्यापासून आठपर्यंत परसात, मग दुपारच्या उकाड्यात वाचन, संध्याकाळी परत तासभर माती, असं ठरवलंय. वर्षभर नोंदवह्या आणि परिपत्रकंच वाचली, म्हणून हा आठवडा वाया घालवायचा नाही.
स्वयंपाकघरामागे छोटा परस आहे, पाच रिकाम्या मातीच्या कुंड्या आहेत, ऊन दुपारी दोनपर्यंत. सात दिवसांत वाचून होईल असं एक मराठी पुस्तक सुचवा. आणि कुंड्यांत काय लावू? मनात मिरची आहे. पुस्तक, बी, खत सगळं धरून ६०० रुपये, त्यावर नाही.

कुळागरकर
मिरची नको. मी मे महिन्यात वीस रोपं लावली होती, जुलैत एक उरलं नाही. मुळं कुजली. भेंडी लावा, आपली सात शिरांची. बी रात्रभर भिजवायचं, थेट कुंडीत टोचायचं, एका कुंडीत एकच झाड. बाजारची पाच शिरांची भेंडी हिच्यापुढे काहीच नाही.

पर्वरी टेरेस
मातीच्या कुंड्या टाकून द्या. मी गेल्या वर्षी जाड कापडी पिशव्या, ठिबकचा संच, कोकोपीट आणि टायमर असं एकदमच घेतलं, ५,२०० रुपये झाले. आठवडाभर बाहेरगावी गेलो तरी झाडं टवटवीत. वाचायलाही मी वाचनयंत्र (ई-रीडर) घेतलं, उन्हातसुद्धा अक्षरं स्वच्छ दिसतात. एकदाच पैसे टाकायचे, चांगलं तेच घ्यायचं.

पाटोवरची वाचक
ताईंनी ६०० लिहिलंय.
पुस्तक विकत घ्यायची गरजच नाही. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ मध्ये सुरू झालेलं. मी कॉलेजपासून तिथलीच सभासद. लांब पडत असेल तर तालुक्याच्या ग्रंथालयात विचारा. आणि घ्यायचं ते दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’, १९५६चं. चैत्रापासून एकेका महिन्यावर एकेक लेख. परसात काम करणाऱ्या बाईने ते वाचलं नाही तर काय वाचलं! मी दरवर्षी ज्येष्ठाच्या तोंडावर काढते. फक्त हात धुऊन धरा. माझ्या प्रतीवर अजून शेणाचा डाग आहे, त्याचं वाईट वाटतं.

माडाखाली
कुंडीच्या तळाला नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं घाला, पाणी धरून ठेवतात. आणि मासळी धुतलेलं पाणी मिरचीला घाला. माझी आई चाळीस वर्षं घालते. खताचा एक पैसा लागत नाही.

कुळागरकर
सोडणं उन्हाळ्यात घालायची. पावसाच्या तोंडावर तळाला ओलं धरून ठेवणारं काही घातलं की झालंच. माझी वीस रोपं अशीच गेली, सोडणं मीच घातली होती. तळाला कौलाचे तुकडे घाला, भोक मोकळं राहिलं पाहिजे.

माडाखाली
चाळीस वर्षं काय खोटी?

डिचोलीची सून
मासळीच्या पाण्याला माझाही पाठिंबा, पण ताज्या मासळीचं हवं. मी एकदा खाऱ्या बांगड्यांचं पाणी अबोलीला घातलं. मिठाने आठवड्यात पानांच्या कडा करपल्या आणि वेणीपुरतीसुद्धा फुलं राहिली नाहीत. शिवाय वासाला मांजरं येऊन कुंड्या उकरतात.
आणि गोगलगायी! पहिल्या पावसाबरोबर येतात आणि कोवळी रोपं एका रात्रीत फस्त करतात. औषध फवारू नका. रात्री नवाच्या सुमाराला बॅटरी घेऊन जा, वेचा, मिठाच्या पाण्यात टाका. तेच पाणी परत कुंडीत ओतू नका. मी पहिल्या वर्षी तीन रात्री आळस केला आणि दोडकीची सगळी रोपं गेली.

रानवाट
पुस्तक म्हणाल तर मारुती चितमपल्लींचं ‘चकवाचांदण’. जंगलात आयुष्य काढलेल्या माणसाचं आत्मचरित्र आहे. मला ते पुरं करायला दोन महिने लागले आणि एक दिवसही वाया गेला असं वाटलं नाही.

पाटोवरची वाचक
त्यांच्याकडे सात दिवस आहेत, आणि ते पुस्तक उशीएवढं जाड. पुन्हा सांगते, ऋतुचक्र.

पर्वरी टेरेस
पाच कुंड्यांसाठीही छोटा ठिबक संच मिळतो, फार महाग नसतो. आणि मिरची नकोच, कुळागरकर म्हणतात ते बरोबर. माझ्या एवढ्या सोयींतही पावसाळ्यात ती कुजली.

जांभ्याची माती
इथे मातीबद्दल कुणी बोललंच नाही. आपली जांभ्याची लाल माती आंबट असते आणि पावसाळ्यात चिकट होऊन बसते. नुसती परसातली माती कुंडीत भरू नका. एक वाटा माती, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत, एक वाटा जाड वाळू. वर मूठभर चुलीची राख. कच्चं शेण घातलंत तर मुळं भाजतात. मला एका रोपवाटिकेने कुजलेलं म्हणून ताजं शेण विकलं होतं, अख्खी वांगी गेली. पिशवी उघडून वास घ्या, शेणाचा वास आला तर घेऊ नका.
कुंड्यांखाली ताटल्या ठेवू नका. पाणी साचतं आणि डास होतात.

सुरंगीचा वळेसर
सगळ्यांचे मनापासून आभार. तीनदा वाचून काढलं. आता माझं ठरलंय, आणि कुळागरकर रागावणार.
मिरचीच लावतेय. शेजारणीचं माहेर काणकोणचं, तिने तिथल्या खोला गावच्या मिरचीचं बी दिलं. ती सांगते, त्यांच्याकडे ही मिरची पावसातच होते, डोंगराच्या उतारावर. म्हणजे पाणी पडतं, पण मुळाशी थांबत नाही. मग कुंडीतही तेवढंच साधायचं. मी पाचही कुंड्या चिऱ्यांवर उचलून ठेवल्या, तळाला कौलाचे तुकडे घातले, आणि ‘जांभ्याची माती’ यांनी सांगितलेलं मिश्रण भरलं. पागोळ्यांची धार थेट पडणार नाही एवढ्या आत भिंतीशी ओढल्या. बी सध्या करवंट्यांत पेरलंय, भोकं पाडून. शेणखताची एक पिशवी १५० रुपयांना मिळाली. वास घेऊनच घेतली. वाळू घरचीच. ४५० रुपये उरले.
पुस्तकाचं म्हणाल तर ऋतुचक्र दिवाळीच्या सुट्टीत नक्की वाचणार. आत्ता शाळेच्या कपाटातलं व्यंकटेश माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’ घरी आणलंय.

पाटोवरची वाचक
बनगरवाडी? त्यात दुष्काळ आहे ना! शेवटी गाव उठून जातं. पावसाच्या तोंडावर, बी पेरलेलं असताना, हे कशाला?

सुरंगीचा वळेसर
एक तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर एकटा जातो, तिथून ते पुस्तक सुरू होतं. मला नेमणूक मिळाली तेव्हा वर्गात नऊ मुलं होती, आणि पहिल्या दिवशी पाचच आली. म्हणून ते मला जवळचं वाटतं. आणि दुष्काळाचंच म्हणाल, तर काल दुपारी वळचणीखाली बसून चाळीस पानं वाचली, अंगातून घाम गळत होता, आणि करवंटीत दोन चमचे पाणी घालताना हात आपोआप जपून चालला. हे मला हवं होतं.

माडाखाली
मासळीचं पाणी घालणार की नाही ते सांगा.

सुरंगीचा वळेसर
घालणार. ताज्या मासळीचं, आणि रोपं चांगली वीतभर झाल्यावर.

कुळागरकर
रागावलो नाही. चिऱ्यांवर ठेवल्यात ते बरं केलंत, मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तरी भेंडीचं बी मुठीएवढं बाजूला काढून ठेवलंय. तुमच्या सत्तरीतच वाळपईला माझी मेहुणी असते, तिच्याकडे देऊन ठेवतो. एका कुंडीत एकच झाड, विसरू नका.