'बॉर्डरलाइन'ला 'सीमावर्ती' चालेल का?

तापीकाठची: चोपडा तालुक्यातल्या एका दवाखान्यासाठी पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं माहितीपत्रक मराठीत करतेय. 'व्यक्तिमत्त्व विकार'पर्यंत गाडी नीट आली. पुढे 'बॉर्डरलाइन'ला 'सीमावर्ती' लिहिलं, तर तिथल्या सिस्टर विचारतात, "सेंधव्याकडचे पेशंट का, ताई?" दुसरा शब्द सुचवा. आणि 'नार्सिसिस्टिक'ला 'आत्ममग्न' कसा वाटतो?

शिरपूरकर: सिस्टरांचं काय चुकलं? आमच्याकडे सीमा म्हणजे पळासनेरच्या पुढचा मध्य प्रदेश.

मानसमित्र: 'आत्ममग्न' नको. ऑटिझमला 'स्वमग्नता' रुळलाय, पालक गोंधळतील. 'आत्मप्रौढी' बघा. 'बॉर्डरलाइन' हा शब्द १९३८ मध्ये अ‍ॅडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकांनी न्यूरोसिस (चिंता-भीतीचा त्रास, पण भान शाबूत) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) यांच्या सीमेवरच्या रुग्णांसाठी वापरला. आता ती सीमा कुणी मानत नाही, नाव तेवढं चिकटलं. लक्षणावरून 'भावनिक अस्थिरता' म्हणा. घटकेत देव, घटकेत वैरी, माणूस सोडून जाईल ही सततची धास्ती, स्वतःला इजा करणं, हे त्यातून थोडंफार कळतं तरी.

पारोळ्याचे मास्तर: मुळात 'विकार'च चूक. विकार म्हणजे बदल. दही हा दुधाचा विकार. इथे तर माणूस बदलत नाही हीच तक्रार! 'विकृती' लिहा.

वरणबट्टी: मास्तर, 'विकृत' गुन्ह्याच्या बातमीत वाचतो आम्ही. पत्रक हातात घेईल का कोणी? आमचे आबा कापसाची गाडी जिनिंगला गेली की काट्यापासून हलत नसत. घरी आल्यावर मापाड्यापासून सख्ख्या भावापर्यंत सगळे चोर. लेकीच्या सासरचा चहासुद्धा आधी दुसऱ्याला प्यायला लावायचे. आजी एवढंच म्हणायची, "त्यास्ना सोभावच तसा से." तिच्या 'सोभाव'मध्ये काय कमी आहे?

पारोळ्याचे मास्तर: स्वभावाला औषध नसतं. विषय संपला.

मानसमित्र: संपत नाही, मास्तर. तरुणपणापासून वर्षानुवर्षं, घरीदारी, कामावर, सगळीकडे तेच आणि त्यापायी माणसाचं किंवा भोवतालच्यांचं जगणं अडतं, तेव्हा त्याला विकार म्हणतात. नुसता संशयी माणूस त्यात येत नाही. हमखास गोळी नाही हे खरं, पण बोलण्यातून उपचार होतात. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहान यांची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही तशीच पद्धत बॉर्डरलाइनसाठी नावाजली गेली.

शिरपूरकर: प्रकार किती म्हणे?

मानसमित्र: डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत दहा, तीन गटांत: विक्षिप्त वाटणारे, नाट्यमय-भडक आणि भित्रे-चिंताग्रस्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीने मात्र २०२२ पासून ती नावं मोडीत काढून सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या ठेवल्या. सोबत जोडायला स्वभावगुणांचे शेरे आहेत, आणि जुन्या नावांतला बॉर्डरलाइनचा शेरा तेवढा उरला.

तापीकाठची: डॉक्टरांना दहाच हवेत. तिसऱ्या गटातल्या 'ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह'ला मी 'मंत्रचळ' लिहिलंय.

मानसमित्र: अरे देवा! मंत्रचळ म्हणजे ओसीडी, तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याचा वेगळा आजार. त्यातला माणूस हात धुऊन धुऊन स्वतःच वैतागतो. या विकारातल्याला आपलंच बरोबर वाटतं, वैतागतात घरचे. 'अतिकाटेकोर' लिहा.

पारोळ्याचे मास्तर: मंत्र म्हणताना चूक झाली की चळ लागतो, म्हणून मंत्रचळ.

वरणबट्टी: चूक कसली? कुणीतरी मंत्र टाकलेला असतो. आमच्या गावात विचारा.

पारोळ्याचे मास्तर: गावात विचारून व्युत्पत्ती ठरत नाही.

वरणबट्टी: मग काय पारोळ्यात ठरते?