सावकाश म्हणजे कधी?

बी-४०४: सेक्रेटरी साहेब, बाथरूमच्या छताची गळती परत सुरू झालीय, जागाही तीच. रात्री लावलेली बादली सकाळी काठोकाठ भरली होती. तुमचं उत्तर आलं, 'सावकाश बघू'. कोणत्या वारी, तेवढं सांगा.

सेक्रेटरी: ताई, सावकाश म्हणजे नाही असं नव्हे. घाईगडबड न करता नीट करू, एवढंच. मागच्या वेळी घाईत केलेलं किती टिकलं, सगळ्यांनी पाहिलंय.

बी-५०४: आणि टाइल्स आमच्या फुटल्या, तेही पाहिलंय.

बी-४०४: वार?

ए-२०१: शब्दावरून निघालंच आहे तर बोलते, वर्गात हाच शब्द शिकवत आले. स आणि अवकाश मिळून सावकाश. अवकाशासह, म्हणजे मध्ये मोकळी जागा ठेवून. पंगतीत आपण 'सावकाश होऊ द्या' म्हणतो. जिना उतरणाऱ्या आजींना 'सावकाश हं' म्हणतो. दोन्हीकडे मोकळीक समोरच्याला मिळते. जिच्या डोक्यावर पाणी गळतंय तिला 'सावकाश' म्हटलं, तर मोकळीक आपणच घेतली.

सेक्रेटरी: बाई, माझा हेतू तसा नव्हता.

ए-२०१: हेतूबद्दल शंका नाही. पण आपल्याला वेळ नसेल तर 'सवडीने करतो' म्हणावं. त्यात सवड कोणाची ते लपत नाही.

सी-१०२: बाई, मग 'म्हणायचा अवकाश, पोरं हजर' यात एवढी घाई कशी? 😄

ए-२०१: छान विचारलंस. तिथे अवकाश म्हणजे मधला वेळ. म्हणायला लागेल तेवढाच वेळ मध्ये, पुढे थांबणं नाही. 'पावसाला अजून अवकाश आहे' यातही तोच अर्थ.

खजिनदार: कृपया ग्रुपवर सोसायटीचेच विषय घ्यावेत 🙏

सी-३०३: गळती सोसायटीचीच आहे ना? बाईंना बोलू द्या. आमच्याकडे तर 'फुरसत मिळाली की करतो' चालतं. पंख्याचं बटण तसंच लोंबकळतंय.

ए-२०१: फुरसत अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आली. मूळ अर्थ संधी. त्यांना म्हणावं, संधी समोर लोंबकळतेय 🙂

बी-४०४: सगळं वाचतेय, बाईंचं पटलंही. पण बादली दुसऱ्यांदा ओतली. वार कोणता?

बी-५०४: आमच्याकडून अडचण नाही. फक्त आदल्या दिवशी कळवा, सासूबाई एकट्या असतात.

सेक्रेटरी: प्लंबरशी आत्ताच बोललो. गुरुवारी सकाळी १० वाजता येतोय. ताई, आधीच वार सांगायला हवा होता, चुकलं.

बी-४०४: धन्यवाद. काकू, १० म्हणजे १० नाही, तुमचं सावकाश आवरू द्या. मी त्याला खाली थांबवते.

सी-१०२: गुरुवार याच आठवड्यातला ना?

सेक्रेटरी: याच.