स्टुडिओच्या स्टोरेजसाठी तयार खोकं घेण्यापेक्षा जुना डेस्कटॉप बरा. पटतंय का बघा

जांबोटी_रोड
बेळगावकडच्या खानापूर, नंदगड, बिडी, कुठल्याही छोट्या फोटो स्टुडिओत जा. कपाटात एक्स्टर्नल हार्डडिस्कांची चळत, त्यावर मार्करनं लिहिलेली लग्नघरांची आडनावं. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू आणि डिस्का भरायलाही सुरुवात. यावर लोक चार बेचं (डिस्कांचे चार कप्पे असलेलं) तयार नॅस, म्हणजे नेटवर्कवरनं सगळ्या पीसींना दिसणारं डिस्कांचं खोकं, घ्यायला सांगतात. त्यात डिस्क येत नाहीत, नुसत्या रिकाम्या खोक्याच्या पैशात दोन मोठ्या डिस्का येतील.

माझं म्हणणं, ऑफिसातनं निघालेला जुना आय-थ्री डेस्कटॉप उचला. बोर्डवर बहुतेक वेळा चार साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) मिळतात. एक छोट्या एसएसडीला, त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही नॅसची लिनक्स सिस्टीम, फुकट. बाकीचे तीन डिस्कांना. मर्जरएफएस वेगवेगळ्या मापाच्या डिस्का एकच फोल्डर करून दाखवतं आणि स्नॅपरेड त्यांची पॅरिटी ठेवतं, म्हणजे एक डिस्क मेली तर तिच्यातलं परत बनवता येईल असा हिशोब वेगळ्या डिस्कवर. आज ४ टीबी घ्या, पुढच्या सीझनला पैसे आले की ८ टीबी जोडा. पोर्ट संपले तर साटा कार्ड बसतं. पॅरिटीची डिस्क सगळ्यांत मोठ्या डाटा डिस्कएवढी तरी लागते, म्हणून मोठी डिस्क घ्याल तेव्हा ती आधी पॅरिटीला लावायची.

अनगोळकर
विजेचं काय? असला डेस्कटॉप तीन डिस्कांसकट ५० वॉट धरा. चोवीस तास चालला तर महिन्याला ३६ युनिट. खेड्यात बहुतेक स्टुडिओवाल्यांचं एडिटिंग घरीच चालतं आणि घराला गृहज्योती (कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना) आहे. २०२३ पासून बिल शून्य येतंय ते तुमच्या आधीच्या सरासरी वापरावर ठरलेल्या युनिटांपुरतं. त्यावर गेलात की जादाचे पैसे, २०० ओलांडले की अख्खं बिल तुमच्या गळ्यात. दोन बेचं तयार खोकं १५-२० वॉटवर भागतं. वाचवलेले पैसे मीटर खाणार असेल तर उपयोग काय?

जांबोटी_रोड
मुद्दा बरोबर, पण ५० वॉट चोवीस तास कशाला धरता? रेड ५ मध्ये (फाइल तुकड्यांत सगळ्या डिस्कांवर वाटायची पद्धत) एक फाइल उघडली तरी सगळ्या डिस्का फिरतात. इथं फाइल ज्या डिस्कवर आहे तेवढीच जागी होते, बाकीच्या झोपलेल्या. आणि जुनी लग्नं रोज कोण बघतो? काम असेल तेव्हा मशीन सुरू करा, रात्री बंद.

निपाणी_नाका
मी तयार खोक्याच्या बाजूचा. स्टुडिओवाल्यानं अल्बम करायचा की लिनक्सच्या कमांडी मारत बसायचं? ज्यानं बसवून दिलं तो पोरगा उद्या नोकरीला बेंगळुरूला गेला की त्या डेस्कटॉपला कोण हात लावणार? तयार नॅस बनवणाऱ्या सायनॉलॉजी कंपनीच्या एसएचआर पद्धतीतही वेगवेगळ्या मापाच्या डिस्का चालतात. डिस्क मेली की इशाऱ्याचा दिवा लागतो, ट्रे ओढायचा, नवीन घालायची. संपलं.

जांबोटी_रोड
त्याच सायनॉलॉजीनं २०२५ मध्ये नव्या प्लस मॉडेलांत दुसऱ्या कंपन्यांच्या डिस्कांवर बंधनं आणली होती. ओरड झाली तेव्हा त्याच वर्षी सैल केली. आपली डिस्क आपल्या मशीनमध्ये चालणार का, हे दुसऱ्यानं ठरवायचं? माझ्याकडच्या प्रत्येक डाटा डिस्कवर साध्या फाइली आहेत. मशीन जळलं तर डिस्क काढून कुठल्याही लिनक्सला जोडा, लग्न दिसतंय.

पोरगा गेला तर कोण बघणार, याला मात्र माझ्याकडं चोख उत्तर नाही.

शहापूरवाला
ओ, तुम्ही दोघंबी पॅरिटीवरनं भांडूलालासा, पण पॅरिटी म्हणजे बॅकअप न्हवं की! जूनमध्ये खानापूर भागात वीज कडाडली आणि सप्लायसकट सगळं उडालं तर रेड काय करणार, स्नॅपरेड काय करणार? मी तर सांगतो, नॅस नकोच. त्याच पैशात दोन-दोन डिस्का घ्या, एक घरात, एक कोल्हापूरला बहिणीकडं. सणाला जाताना बदलून आणायची.

जांबोटी_रोड
बहिणीकडची डिस्क हवीच, त्यात वाद नाही. पण तिथं ठेवलेली फाइल आतल्या आत खराब झाली तर कळणार कसं? स्नॅपरेडचं स्क्रब नॅसवरच्या फाइली त्यांच्या चेकसमशी (आधी मोजून ठेवलेल्या आकड्याशी) ताडून बघतं.

हिंडलगा_केबल
डिस्कांवरनं भांडायच्या आधी नेटवर्कच्या वायरी जोडायचा स्विच बघा. बऱ्याच ठिकाणी अजून जुना १०० एमबीपीएसचा डबा लटकतोय. त्यावर सेकंदाला ११ एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे १०० जीबीचं एक लग्न कॉपी व्हायला अडीच तास. गिगाबिट स्विच आणि कॅट ५ई वायर असेल तर पंधरा-वीस मिनिटं. एवढ्याशा खर्चात एवढा फरक दुसरा कशानंच पडत नाही. आणि घरातनं समोरच्या दुकानात उघड्यावरनं तांब्याची लॅन केबल ओढू नका, पावसाळ्यात वीज त्यातनंच आत येते. फायबर ओढा.

डिस्क घेताना सीएमआर (डाटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे का ते बघा. २०२० मध्ये डब्ल्यूडी कंपनीच्या ‘रेड’ (लाल) नावाच्या काही डिस्का न सांगता एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) निघाल्या होत्या. डिस्क बदलून रेडचा गट पुन्हा बांधताना त्या फार रखडतात.

निपाणी_नाका
आणि स्नॅपरेडचं भोक कुणी सांगतच नाही. पॅरिटी सिंकची कमांड चालवल्यावरच बनते. आज टाकलेलं लग्न रात्रीच्या सिंकपर्यंत उघडं. वर, सिंकनंतर एका डिस्कवरनं फाइली उडवल्या आणि तेवढ्यात दुसरी डिस्क गेली, तर त्या दुसरीतलंही थोडं परत येणार नाही. झेडएफएस या फाइल सिस्टीममध्ये ही भानगड नाही, आणि जानेवारी २०२५ च्या ओपनझेडएफएस २.३ पासून रेडझेडमध्ये (तिच्या पॅरिटीच्या गटात) एकेक डिस्क वाढवताही येते.

जांबोटी_रोड
येते, पण ४ टीबीच्या डिस्कांच्या गटात ८ टीबीची घातली तर वरचे ४ टीबी वाया. गरीब माणूस डिस्का एका मापात विकत घेत नाही हो. भोक आहे, मान्य. म्हणून चालू एडिटिंगचे प्रोजेक्ट पीसीच्या एसएसडीवर ठेवायचे आणि नॅसवर फक्त पूर्ण झालेलं काम टाकायचं. कॅमेऱ्याचं कार्ड सिंक झाल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही.

अनगोळकर
ते ठीक. पण झोपलेल्या डिस्कांसकट मशीन किती वॉट खातं ते प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरवर बघून इथं टाका. २५ च्या वर आलं तर मी माझ्या दोन बेवर ठाम.

शहापूरवाला
मीटर आणाल तेव्हा यूपीएसबी घ्या गा. सिंक चालू असताना लाईट गेली तर कुणाचं लग्न कुणाला दाखवणार?