शब्दचर्चा : ‘बरंच घेतलं’ म्हणजे नक्की काय केलं?

तिरका_उंट:
एका दिवाळी अंकासाठी बुद्धिबळ इंजिनांच्या (म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामांच्या) चोरीच्या भांडणांवर लेख लिहितोय आणि एका क्रियापदावर चार दिवस अडकलोय. प्रकरण रिब्काचं. डिसेंबर २००५ ला वासिक राज्लिचचं रिब्का आलं आणि थेट सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं. त्याच वर्षी जूनमध्ये फाब्यँ लतुझे या फ्रेंच माणसाने फ्रूट २.१ हे आपलं इंजिन सोर्ससकट (म्हणजे लिहिलेल्या कोडसकट) जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुलं केलं होतं. राज्लिचने तेव्हा एका मुलाखतीत स्वतःहून सांगितलेलं की फ्रूटचा सोर्स मी पुढून मागून सगळा वाचला आणि त्यातून बऱ्याच गोष्टी... आता पुढे काय लिहू? ‘घेतल्या’ लिहिलं तर संपादकबाई म्हणतात गुळमुळीत आहे, ‘उचलल्या’ करा. ‘उचलल्या’ केलं की माणूस खटल्याआधीच दोषी. ‘शिकलो’ लिहिलं तर मी त्याचा वकील. २०११ मध्ये आयसीजीएने, म्हणजे कॉम्प्युटर बुद्धिबळाच्या स्पर्धा घेणाऱ्या संघटनेने, रिब्काची २००७ ते २०१० ची चारही जगज्जेतेपदं काढून घेतली, राज्लिचवर आजन्म बंदी घातली, आणि माझ्या मते अख्खं भांडण या एका क्रियापदात आहे. तटस्थ शब्द सुचवा. शिवाय ‘वाङ्मयचौर्य’ म्हणायचं तर सी मधला कोड वाङ्मय होतो का?

शुद्धमती:
होतो की, लिहिलेलं आहे ना. पण वाङ्मयचौर्याच्या मागे लागायची गरजच नाही, आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीची परिभाषा तयार आहे. राजशेखराने काव्यमीमांसेत ‘शब्दहरण’ आणि ‘अर्थहरण’ अशी सरळ विभागणी केलीये, आणि कुठलं चालेल कुठलं नाही याचे पोटभेदही दिलेत. कोड घेतला तर शब्दहरण, कल्पना घेतली तर अर्थहरण. विषय संपला. तोच म्हणतो, नास्त्यचौरः कविजनो नास्त्यचौरो वणिग्जनः. चोर नाही असा कवी नाही आणि चोर नाही असा वाणी नाही.

जीटी_मास्टर:
अहो ताई, हरण म्हटलं की लोकांना सीता आठवते नाहीतर काळवीट. आम्ही इंजिनिअरिंगला ‘छापणे’ म्हणायचो. जर्नल छापलं, असाइनमेंट छापली. आणि ड्रॉइंग शीटसाठी जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर खिडकीची काच आडवी, खाली शंभरचा बल्ब, काचेवर मित्राची शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट, आणि पहाटेपर्यंत गिरवत बसायचं, काच इतकी तापायची की हाताच्या घामाने कागद पोचा पडायचा. एकदा मूळ शीटवाल्याने ४५ च्या जागी ५४ मिमी लिहिलं आणि नऊ जणांच्या शीटवर ५४ आलं. सरांनी रेषांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं येतं रे, चूक सारखी कशी आली?

बिटबाई:
मास्टर, रिब्कातही तेच झालं!! फ्रूटमध्ये वेळ दशांशात मोजतात, त्यामुळे तिथे ०.० शी तुलना करणं साहजिक. रिब्कात वेळ पूर्णांकात, आणि तरी लोकांनी एक्झी फाइल (सोर्स नसलेली, नुसती चालणारी) उकलली तेव्हा वेळ सांभाळणाऱ्या भागात तीच ०.० शी तुलना बसलेली. पूर्णांक असताना तिथे कोणी ०.० लिहीत नाही. यावरही मग भांडणं झाली, टायपो असेल वगैरे. पण ‘छापलं’ हा शब्द पूर्ण प्रकरणाला बसत नाही हां. फ्रूट पट ॲरेत, म्हणजे घरांच्या यादीत ठेवतं, रिब्का बिटबोर्डमध्ये, म्हणजे ६४ घरांना ६४ बिट. ओळीच्या ओळी चिकटवल्या तर चालणारच नाहीत, मूल्यमापनाचा भाग, म्हणजे पटावर कोण किती वरचढ ते मोजणारा, नव्याने लिहावाच लागणार. आयसीजीएच्या चौकशी समितीचं म्हणणं असं की लिहिला नव्याने, पण काय काय मोजायचं आणि कुठल्या पद्धतीने मोजायचं ते फ्रूटचंच. घोडा कुठल्या घरात किती मोलाचा त्याचे तक्ते घ्या. आकडे वेगळे, पण आकडे बनवायची रीत ओळखीची. याला एका शब्दात काय म्हणायचं ते मला कोणी सांगा.

शुद्धमती:
अर्थहरण.

बिटबाई:
मग गुन्हा कुठे झाला? अल्गोरिदम तर सगळेच एकमेकांचे घेतात, नाहीतर अल्फा-बीटा (बिनकामाच्या चाली छाटायची युक्ती) प्रत्येकाने पुन्हा शोधत बसायचं का. आणि रिब्काच्या अगदी सुरुवातीच्या आवृत्त्यांत तर क्राफ्टी या दुसऱ्या इंजिनाचा कोड सापडला, ते तुमचं शब्दहरण. एकाच माणसाच्या दोन आवृत्त्यांना दोन कलमं लावणार?

रत्नांग्रीकर:
कलम शब्द काढलातच तर सांगतो. आमच्याकडे याला कलमच म्हणतात. खुंट रायवळाचा, काडी हापूसची, चार वर्षांनी आंबा लागला की हापूस म्हणून पेटी जाते मुंबैला. खुंटाचं नाव पेटीवर कोण लिहितो? आणि त्या बिचाऱ्या इंजिनाचं नावच फ्रूट 😄

शुद्धमती:
कलम मूळचा अरबी.

रत्नांग्रीकर:
असूदे, आंबा तर आमचा.

जीटी_मास्टर:
मग लेखाचा मथळा ठरला, ‘जीपीएलचं कलम मोडून केलेलं कलम’.

मुकादमाचा_नातू:
संपादकबाई ‘उचलल्या’ म्हणतात त्यावर. आमच्या बीडकडं उचल म्हणजे ऊसतोडीला जायच्या आधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. उचल घेणं ही चोरी नाही, सगळं गाव घेतं. पण ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. चोरी होते उचल बुडवली तर. जीपीएल मला वाटतं असंच आहे, घ्या पण तुम्ही वाटाल तेव्हा सोर्सही द्या. राज्लिच रिब्का विकत होता आणि सोर्स बंद. म्हणून मी म्हणेन ‘उचल घेतली’ लिहा, फेडली का नाही ते वाचक ठरवेल. आमच्या आज्याने असल्या उचलींच्या दोन वह्या ठेवलेल्या, एक मुकादमाची आणि एक खरी.

तिरका_उंट:
हे आवडलं, पण पुण्यामुंबईच्या वाचकाला उचल म्हणजे पाकीटमारीच वाटणार. दुसरी अडचण आयसीजीएच्या नियमाची. प्रोग्राम सहभागी लोकांचं ‘ओरिजिनल’ काम असला पाहिजे, आणि दुसऱ्याचा खेळणारा कोड त्यात असेल किंवा त्यावरून आपला केला असेल तर त्यांची नावं अर्जात द्यायची. मी ‘मूळ’ लिहिलं होतं. पण मूळ म्हणजे तर ज्याच्यावरून दुसरं काढलं ते, म्हणजे या गोष्टीत फ्रूट मूळ!

जुना_पट:
‘स्वतंत्र’ लिहा. जुन्या मासिकांत कथेखाली स्वतंत्र, रूपांतरित, आधारित असं छापत. नाटकवाले ‘बेतलेलं’ म्हणत, शिंपी कापड बेततो तसं. कापड त्याचं, मापं माझी. रिब्का फ्रूटवर बेतलेलं होतं एवढं म्हणा, शिवी नाही आणि वकिलीही नाही. फक्त ते राज्लिचच्या जिवावर बेतलं.
बाकी या माणसाची गंमत अशी की २००८ मध्ये स्ट्रेल्का नावाच्या इंजिनाचा सोर्स बाहेर आला तेव्हा यानेच ‘हा माझा कोड आहे’ म्हणून दावा केला, आणि त्या सोर्समध्ये डोकावणाऱ्यांना दिसलं फ्रूट. पुढे इप्पोलिट नावाचं इंजिन आलं, तेही म्हणे रिब्का ३ उकलून केलेलं, तेव्हाही हाच फिर्यादी. आणि आयसीजीएचंही सगळं सोवळं नव्हतं. समितीत बहुतेक प्रतिस्पर्धी प्रोग्रामरच, आणि २०१५ मध्ये फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या एथिक्स कमिशनने आजन्म बंदीवरून आयसीजीएलाच ताकीद दिली, कारण त्यांच्या घटनेत तशी शिक्षाच नव्हती. जेतेपदं काही परत आली नाहीत.

दर्यावर्दी:
सगळे ‘रिब्का आलं’ का लिहिताय? चेक भाषेत रिब्का म्हणजे छोटी मासळी. ‘ती’ रिब्का.

बिटबाई:
इंजिन नपुंसकलिंगी आहे.

दर्यावर्दी:
डेक्कन क्वीन काय आहे मग? ‘ते डेक्कन क्वीन आलं’ म्हणता?

शुद्धमती:
डेक्कन क्वीन गाडी आहे, म्हणून ती. तत्त्व तेच.

जुना_पट:
मासळीवरून आठवलं, स्टॉकफिश. टॉर्ड रोमस्टाड या नॉर्वेजियनाचं ग्लाउरुंग हे इंजिन, त्यावरून मार्को कोस्टाल्बा या इटालियनाने २००८ मध्ये स्टॉकफिश काढलं. मासा नॉर्वेत सुकवायचा आणि इटलीत शिजवायचा, म्हणून हे नाव. ऋण लपवायचं तर सोडाच, नावातच सांगून टाकलं. पुढे चेसबेस ही कंपनी फॅट फ्रिट्झ २ हे इंजिन विकायला लागली तेव्हा याच स्टॉकफिशवाल्यांनी २०२१ मध्ये म्युनिकच्या कोर्टात दावा लावला, आत स्टॉकफिशच आहे आणि जीपीएल पाळलेलं नाही म्हणून. नोव्हेंबर २०२२ ला तडजोड झाली, चेसबेसने वर्षभर स्टॉकफिशचा कोड असलेलं काही विकायचं नाही. दुसऱ्याच्या कोडवर उभं राहणं दोन्हीकडे आहे. त्या दोघांना एक शब्द कसा लावणार?

मुकादमाचा_नातू:
एकानं उचल फेडली, एकाची वसूल केली.

रत्नांग्रीकर:
स्टॉकफिश म्हणजे आपला खारवलेला मासा ना?

दर्यावर्दी:
नाही!! मीठ लावत नाहीत. कॉड लाकडी मांडवावर थंड वाऱ्यात नुसता टांगतात. अगदी आपला सुका बोंबील. वसईला आमच्या घरामागे वलांड्या (मासळी वाळत टांगायच्या दांड्या) होत्या, बोंबलाच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून टांगायचे, आणि मी लहानपणी शेजारच्या वलांडीवरचे दोन ‘घेतले’ होते, तेव्हा आजीने कुठलं क्रियापद वापरलं ते इथे लिहिता येणार नाही.

तिरका_उंट:
मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय. बेतल्या, उचल घेतली, का घेतल्या?

बिटबाई:
‘घेतल्या’च ठेवा. तो जेवढं बोलला तेवढंच.

शुद्धमती:
‘ग्रहण केल्या’.

जीटी_मास्टर:
ग्रहण लागलंच आहे त्याला, ठेवा.

रत्नांग्रीकर:
ते तोंडात तोंड कसं अडकवतात ते कळलं नाही, दात असतात का बोंबलाला?