दारू सुटली, पण मन रमत नाही: सातारा-सांगली परिसरातील अनुभवी सदस्यांचा सल्ला हवा

माहुलीकाठ:
नमस्कार. मी साताऱ्यात राहतो आणि औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतो. व्यसनमुक्ती केंद्रातील उपचार पूर्ण करून गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला घरी आलो, तेव्हापासून दारू पूर्ण बंद आहे. पगार घरी येतो, यकृताच्या तपासण्या सुधारल्या आहेत, घरचे निर्धास्त झाले आहेत. अडचण अशी की मला कशातच गोडी वाटत नाही. भाद्रपदात सहकुटुंब कासला फुले पाहायला गेलो होतो; मुले हरखून गेली आणि मी मात्र परत कधी निघायचे, एवढाच विचार करीत उभा होतो. तलफ फारशी येत नाही, परंतु सहा वाजता कामावरून सुटलो की पुढची संध्याकाळ खायला उठते. ज्यांनी हा टप्पा ओलांडला आहे त्यांनी नेमके काय केले, हे कृपया सांगावे. ‘सकारात्मक राहा’ एवढाच सल्ला देणार असाल, तर तो बराच मिळून झाला आहे.

हरिपूरचा वाटसरू:
मी सांगलीचा. दारू सोडून बरीच वर्षे झाली, तरी पहिल्या वर्षातला तो बेचवपणा अजून आठवतो. माझा सल्ला असा की तूर्त आनंदाच्या मागे लागू नका, आधी सहा ते नऊ या वेळेचा बंदोबस्त करा. पिणाऱ्याचा सारा दिवस त्या वेळेकडे तोंड करून असतो. दारू गेली तरी तिच्यासाठी राखलेली जागा रिकामीच राहते आणि घरी टीव्हीपुढे बसून ती भरत नाही. जिथे आपण गेलो नाही तर कोणीतरी विचारणा करील, असे काहीतरी त्या वेळेत हवे. मी हार्मोनियमच्या वर्गात नाव घातले. कित्येक महिने त्यात काडीचाही आनंद नव्हता. गुरुजी वाट पाहतील म्हणून जात होतो, इतकेच. पुढे मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेला गेलो, रात्रभर बसलो आणि पहाटे उठताना लक्षात आले की इतक्या तासांत मी स्वतःविषयी एकदाही विचार केला नव्हता. हे पहिल्या महिन्यात घडले असते असे मला वाटत नाही, कारण तेव्हा कानच तयार नव्हते.

दुसरी गोष्ट, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला जात राहा. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे दोन मद्यपींनी एकमेकांशी बोलून ही चळवळ सुरू केली. मला स्वतःला अनुभवकथनापेक्षा सभेआधी खुर्च्या मांडण्याचा आणि नव्या माणसाला चहा देण्याचा अधिक उपयोग झाला.

निवांत:
इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर करून या. खरी शांती आतच असते, बाहेर शोधून मिळत नाही.

समुपदेशक_सातारा:
विपश्यनेविषयी आदर आहे. तरीही नुकत्याच व्यसनमुक्त झालेल्या माणसाला दहा दिवस मौनात आणि घरापासून दूर बसविण्याची घाई मी करणार नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि शिबिराच्या अर्जात व्यसनाचा इतिहास मोकळेपणाने लिहिल्याशिवाय तर नाहीच.

मूळ प्रश्नाबद्दल सांगायचे तर ही अवस्था नेहमी आढळते आणि तिच्यात मनाच्या दुबळेपणाचा संबंध नाही. दारूमुळे मेंदूतील डोपामिन या सुखाच्या जाणिवेशी निगडित रसायनाची पातळी वारंवार वाढते. मेंदू त्याच्याशी जुळवून घेताना डोपामिनचे डी-२ रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश टिपणारे पेशींवरील ग्राहक, कमी करतो, त्यामुळे फुले, जेवण, मुलांचे हसणे यांसारखी साधी सुखे पुरेशी जाणवत नाहीत. ही घडी पूर्ववत बसण्यास अनेक महिने लागतात, झोपही तितकाच काळ विस्कळीत राहू शकते. म्हणून कासला काही वाटले नाही यावरून पुढेही वाटणार नाही, असा निष्कर्ष काढू नये.

मात्र सलग दोन आठवडे बहुतेक वेळ उदासी, भूक मंदावणे, पहाटे फार लवकर जाग येणे किंवा जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे असतील, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांना भेटलेच पाहिजे. नैराश्यावरील औषधे म्हणजे नवे व्यसन, ही समजूत चुकीची आहे. मध्यरात्री बोलावेसे वाटल्यास टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे दोन्ही निःशुल्क क्रमांक आहेत. साताऱ्यातच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्तीचे काम करते, तिथेही चौकशी करावी. आपल्या केंद्राचा पाठपुरावा चालू असेल, तर तो मात्र सोडू नका.

कृष्णाबाई:
मी पत्नीच्या बाजूने लिहिते. आमचे ‘हे’ दारू सोडून घरी आले तेव्हा मी रोज त्यांचा चेहरा न्याहाळत असे आणि हसले नाहीत की घाबरत असे. त्या पहाऱ्याचेच त्यांना ओझे होई. माहुलीकाठदादा, आज बरे वाटत नाही पण प्यावेसेही वाटत नाही, इतके एक वाक्य वहिनींना रोज सांगत जा. वहिनींसाठी अल-ॲनॉनच्या, म्हणजे मद्यपींच्या कुटुंबीयांच्या, सभा असतात. आमच्या घरी कोणी न ठरवता पहिला मोकळा हशा पिकला तो भडंगात मिरची जास्त पडल्यामुळे, आणि तोवर वर्ष उलटत आले होते.

माहुलीकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. रिसेप्टरची माहिती वाचून बराच धीर आला, कारण दोष माझ्या स्वभावातच आहे असे मी धरून चाललो होतो. झोपेची तक्रार आहेच, तेव्हा या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतो. संध्याकाळसाठी पेठेतील भजनी मंडळात विचारले, त्यांना टाळ धरणारा माणूस हवाच आहे. एक शंका उरते: सभेत पहिल्या दिवशी बोलावे लागते का? चारचौघांत स्वतःविषयी बोलण्याचे मला फार दडपण येते.

हरिपूरचा वाटसरू:
मुळीच नाही. आपली पाळी आली की ‘आज फक्त ऐकतो’ असे म्हणावे, कोणी आग्रह करीत नाही. आडनावही सांगावे लागत नाही. थोडे आधी पोहोचा, म्हणजे खुर्च्या मांडायला मिळतील.