बाणांना नावे द्या, मगच रंग भरा

गुंतागुंतीच्या सॉफ्टवेअर प्रणालीची आकृती रंगांनी विभागली की ती वाचायला सोपी होते, ही सूचना मला अर्धीच पटते. लाल आणि हिरव्या रंगातील फरक ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी असा भेद नाहीसाच होतो. कृष्णधवल छपाईतही तो टिकत नाही.

माझ्या अनुभवात वाचक खरा अडतो तो बाणांपाशी. ‘ऑर्डर सेवा’ या चौकटीतून ‘पेमेंट सेवा’ या चौकटीकडे जाणारा नुसता बाण माहितीचा प्रवाह दाखवतो, विनंती कोण करतो ते सांगतो, की एक सेवा दुसरीवर अवलंबून आहे एवढेच सुचवतो, हे चित्रावरून ठरवता येत नाही, आणि एकाच आकृतीत हे तिन्ही अर्थ मिसळले तर अनुभवी अभियंताही चुकीचा निष्कर्ष काढतो. म्हणून प्रत्येक बाणावर क्रियापद लिहावे: ‘रक्कम वळती करण्याची विनंती पाठवते’. उत्तराची वाट पाहणाऱ्या संवादासाठी सलग रेषा आणि उत्तरासाठी न थांबता रांगेत टाकलेल्या संदेशासाठी तुटक रेषा वापरावी, व त्यांची सूची त्याच पानावर द्यावी.

एकमेकींना छेदणाऱ्या रेषाही कमी कराव्यात. आलेखांच्या (म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या आकृत्यांच्या) आकलनावर संशोधक हेलन पर्चेस यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासलेल्या घटकांपैकी याच छेदांचा परिणाम सर्वाधिक आढळला होता. एवढे करूनही गर्दी उरलीच, तर सी-फोर (C4) या सॉफ्टवेअर रचना पातळ्यांत दाखवणाऱ्या प्रारूपाप्रमाणे संदर्भ, कंटेनर (स्वतंत्रपणे चालणारे ॲप किंवा डेटाबेस) आणि त्यातील घटक अशा पातळ्यांच्या वेगळ्या आकृत्या काढाव्यात.